मोटारहोममधला हवेवर चालणारा संडास: फ्लॅप पूर्ण मिटत नाही, सतत हवा सुटते

पाथर्डीफाटा

बसच्या चेसिसवर बांधलेलं मोटारहोम आहे, सेकंडहँड घेतलेलं. संडास बाहेरून मागवलेला, हवेवर चालणारा. बटण दाबलं की भांड्यात पाणी येतं, तळाचा फ्लॅप उघडतो, मैला खालच्या चेंबरमध्ये पडतो, फ्लॅप मिटतो आणि मग हवेचा झोत चेंबर रिकामा करून सगळं दीड इंची पाइपातून मागच्या मैल्याच्या टाकीत ढकलतो. टाकी १५० लिटरची, सध्या अर्धी भरलेली.

लक्षणं अशी:

पाणी नीट येतं. फ्लॅप उघडतोही, पण मिटताना शेवटी बोटभर फट राहते आणि तेवढ्यात झोत येतो. त्यामुळे भांड्यात बुडबुडे, शिंतोडे, कधी घाणही वर. प्रत्येक फ्लशला बाथरूमभर वास.

फ्लश नसतानाही भांड्याच्या बैठकीखालून सतत सूं आवाज.

रेग्युलेटरचा काटा ६० पीएसआयवर स्थिर. हवा गाडीच्या ब्रेकच्या कॉम्प्रेसरवरून घेतली आहे. रात्री गाडी बंद करताना डॅशबोर्डवर ८ बार असतात, सकाळी मागच्या ब्रेकचा काटा ३ च्या खाली.

रेग्युलेटरचा फिल्टर बाऊल उघडला तर त्यात दुधाळ, चिकट पाणी.

सिंहस्थात गाडी नाशकातच उभी राहणार आहे आणि माणसं बरीच असतील, म्हणून त्याआधी हे निस्तरायचं आहे. पूर्ण भांडं बदलायचं की यातलं काही दुरुस्त होतं? नेमकं कुठून सुरुवात करावी?

हवाबंद

भांडं बदलू नका. तुम्ही लिहिलेल्यात निदान दोन वेगळे बिघाड आहेत, ते एकमेकांत मिसळले की माणूस सगळंच बदलत सुटतो. आधी सूं आवाज घ्या, तो सोपा आहे.

फ्लॅप हलवणारा छोटा सिलिंडर बैठकीच्या मागे असतो, त्याला दोन नळ्या: एक उघडायची, एक मिटायची. फ्लश नसताना मिटायच्या बाजूला हवा भरलेली असते आणि उघडायची बाजू व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून मोकळी असते. म्हणजे आवाज एक्झॉस्टच्या सायलेन्सरमधून येत असेल तर दोनच शक्यता: सिलिंडरच्या पिस्टनचं सील गेलंय आणि हवा आतल्या आत पलीकडे जातेय, किंवा व्हॉल्व्हच्या स्पूलचं (आत सरकणाऱ्या दांड्याचं) सील गेलंय.

ओळखायचं कसं? फ्लश न करता उघडायच्या बाजूची नळी सिलिंडरवरून काढा. पुश फिटिंग असेल तर निळी किंवा काळी कॉलर आत दाबून धरायची आणि नळी ओढायची. या बाजूला विश्रांतीत दाब नसतो, त्यामुळे ती उडणार नाही. आता सिलिंडरच्या उघड्या तोंडावर बोट ठेवा. हवा तिथून येत असेल तर पिस्टन सील. सिलिंडर गप्प आणि काढलेल्या नळीतून हवा येत असेल तर व्हॉल्व्ह. दोन मिनिटांची परीक्षा आहे, साबणाचं पाणीही लागत नाही.

फक्त एक पाळा: हवा चालू असताना फ्लॅपमध्ये हात किंवा पान्हा घालायचा नाही. २५ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर ६० पीएसआयला साधारण वीस किलोचा जोर देतो, आणि लिव्हरमुळे फ्लॅपच्या कडेशी तो कसा पोचतो ते बोटावर करून बघायची गोष्ट नाही.

मग फट. रेग्युलेटरचा काटा ६० वर "स्थिर" आहे हे तुम्ही उभ्या हवेचं सांगताय. फ्लश चालू असताना काटा बघा. वाहत्या हवेला तो ३५-४० पर्यंत पडत असेल तर फिल्टरचा एलिमेंट चोंदलाय किंवा नळी बारीक आहे. ६ मिमीची लांब नळी असेल तर ८ किंवा १० मिमीची टाका. दाब पडला की फ्लॅप हळू मिटतो, पण टायमिंगवाला व्हॉल्व्ह त्याच्या वेळेला झोत सोडून मोकळा होतो. तुमची फट इथेही असू शकते.

दाब पडत नसेल तर हवा बंद करून, लाइन मोकळी करून, दोन्ही नळ्या काढून फ्लॅप हाताने हलवा. सैल, एकसारखा फिरला पाहिजे. शेवटच्या टप्प्यात अडत असेल तर दोष हवेचा नाही, फ्लॅपच्या शाफ्टच्या बुशात किंवा फ्लॅप जिथे टेकतो त्या बैठकीवर क्षार बसलाय.

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये एक फ्लश टिपा, फक्त स्वच्छ पाण्याचा. फ्लॅप टेकतो तो क्षण आणि पहिला बुडबुडा यातला क्रम डोळ्याने कधी कळत नाही, व्हिडिओत लगेच कळतो.

ट्रकटर्मिनल

संडास नंतर बघा. मला मागच्या ब्रेकच्या काट्याची जास्त काळजी वाटते.

एअर ब्रेकच्या गाडीत कॉम्प्रेसरची हवा ड्रायरमधून, म्हणजे हवेतलं पाणी काढणाऱ्या डब्यातून, प्रोटेक्शन व्हॉल्व्हला जाते आणि तिथून चार वेगळ्या सर्किटला. एका सर्किटला गळती लागली तर बाकीची ठरलेल्या दाबाखाली जाऊ नयेत हेच त्या व्हॉल्व्हचं काम. संडासाची लाइन ॲक्सेसरीच्या सर्किटवर असती तर ब्रेकचा काटा एका जागी येऊन थांबला असता. तुमचा ३ च्याही खाली जातोय. म्हणजे एकतर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह आतून धरत नाही, किंवा कुणीतरी संडासासाठी थेट मागच्या ब्रेकच्या हवेच्या टाकीवर टी (तीन तोंडांचा जोड) टाकलाय. दुसरी शक्यता जास्त.

गाडीखाली जा आणि नळी हाताने माग काढत टाकीपर्यंत पोचा. चाकांना अडसराचे ठोकळे लावल्याशिवाय जाऊ नका आणि एअर सस्पेन्शन असेल तर बॉडीला टेकू दिल्याशिवाय अजिबात नको, हवा गेली की बॉडी खाली बसते.

आणि टी कुठे आहे ते नीट बघा. टाकीच्या तळाला ड्रेन कॉक असतो, तिथलं तोंड मोकळं मिळतं म्हणून तिथे टी टाकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. टाकीतलं सगळं पाणी आणि कॉम्प्रेसरचं तेल तळालाच साचतं, म्हणजे तुम्ही संडासाला हवेऐवजी तोच गाळ पाजताय. ते दुधाळ चिकट पाणी म्हणजे तेल आणि पाणी घुसळून झालेलं मिश्रण. पावसाळ्यात इगतपुरी-कसाऱ्याकडे चार दिवस गाडी फिरली की दुप्पट.

योग्य जागा: प्रोटेक्शन व्हॉल्व्हवर तोंडांना आकडे ठोकलेले असतात. २१ आणि २२ सर्व्हिस ब्रेकचे, त्यांना हात लावायचा नाही. २३ आणि २४ पैकी ॲक्सेसरीचं कोणतं ते तुमच्या चेसिसच्या आकृतीवर बघून घ्या, अंदाजाने नको. तिथून एक बॉल व्हॉल्व्ह, हवा उलटी जाऊ न देणारा एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, मग संडासासाठी स्वतंत्र १० लिटरची टाकी, तळाला तिचा स्वतःचा ड्रेन, आणि हवा टाकीच्या वरच्या अंगाने घ्यायची. त्यानंतर ५ मायक्रॉनचा ऑटो ड्रेनवाला फिल्टर रेग्युलेटर. ऑइलर नको, तेलाच्या फवाऱ्याने सीलमधलं मूळ ग्रीस धुऊन जातं आणि एकदा तेल द्यायला लागलात की कायम द्यावं लागतं.

ड्रायरचं कार्ट्रिज कधी बदललंय याचा पत्ता नसेल तर बदलाच. टाकीचा ड्रेन ओढल्यावर पाणी येत असेल तर ड्रायर काम करत नाहीये, याला वेगळा पुरावा नको.

सिंहस्थात गाडी दिवसेंदिवस उभी राहणार म्हणताय. फ्लशसाठी दर वेळी इंजिन चालू करणार का? २४ लिटरच्या टाकीचा छोटा ऑइल फ्री कॉम्प्रेसर मिळतो, दातांच्या दवाखान्यात असतो तसला. तो संडासाच्या टाकीला दुसऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हमधून जोडा. खरं तर संडास पूर्णपणे त्याच्यावरच चालवावा आणि ब्रेकच्या हवेला हातच लावू नये, असं माझं मत.

रानवारा

इतकं सगळं करण्यापेक्षा रेग्युलेटर ६० वरून ९० करून बघा की. फ्लॅप जोरात मिटेल, विषय संपला.

हवाबंद

@रानवारा, विषय संपणार नाही, छतापर्यंत उडेल. तोच रेग्युलेटर फ्लॅपलाही हवा देतो आणि झोतालाही. फट तशीच राहिली तर आता त्या फटीतून दीडपट दाबाने घाण वर येईल. शिवाय दीड इंची पाइपाचे सॉल्व्हंटने चिकटवलेले जोड आणि टाकीचं तोंड ६० च्या हिशोबाने बसवलेले असतात. भांड्याच्या प्लेटवर जो आकडा आहे त्याच्या वर जायचं नाही. ६० म्हणजे ४.१ बार, पुरेसा आहे.

गोदाकाठ

वरचं सगळं बरोबर आहे, पण वासाकडे कुणी बघितलं नाही. "प्रत्येक फ्लशला बाथरूमभर वास" हे वाक्य महत्त्वाचं आहे.

साध्या संडासात टाकीत फक्त मैला आणि पाणी जातं. या जातीच्या संडासात प्रत्येक फ्लशला त्यांच्यामागून हवाही टाकीत जाते, आणि ती बाहेर पडायला छतावरचा व्हेंट हा एकच रस्ता असतो. तो बंद असेल तर टाकीत दाब साठतो, पुढचा झोत त्या दाबाविरुद्ध ढकलतो, चेंबर पूर्ण रिकामं होत नाही, आणि उरलेली हवा फ्लॅपच्या फटीतून परत भांड्यात येते, टाकीचा वास घेऊन. तुमची फट अगदी नीट झाली तरी व्हेंट बंद असेल तर काही दिवसांत फ्लॅपचं रबर परत गळायला लागेल.

परीक्षा फुकटातली आहे. छतावर चढून व्हेंटच्या तोंडाला भाजीची पातळ पिशवी रबरबँडने सैलसर बांधा आणि खालून कुणालातरी फ्लश करायला सांगा. पिशवी फुगली पाहिजे. नुसती थरथरली किंवा हललीच नाही तर व्हेंट चोंदलाय. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे कुंभारमाशी. उभ्या गाडीच्या पाइपात मातीचं घरटं करायला तिला फार दिवस लागत नाहीत. घरटं काढल्यावर तोंडाला स्टीलची जाळी बसवा, पण भोकं मच्छरदाणीइतकी बारीक नकोत, धुळीने तीच चोंदते.

दुसरं, क्षार. तुम्ही टाकी कुठल्या पाण्याने भरता? पाथर्डी, अंबड, सिन्नरकडचं बोअरचं पाणी असेल तर फ्लॅपच्या बैठकीवर पांढरट-पिवळट खरखरीत थर असणारच, लघवीतले क्षार त्यात मिसळून तो दगडासारखा होतो. पत्र्याने खरवडू नका, बैठकीला चरा पडला की ती कायमची गळते. लिंबूफूल घ्या, किराणा दुकानात मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम, फ्लॅप मिटलेला असताना भांड्यात ओता, बैठक बुडेल इतकं. तीन-चार तास ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, लागलं तर पुन्हा करा.

निळ्या बाटलीतलं टॉयलेट क्लीनर वापरू नका. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते स्टीलच्या शाफ्टला आणि पितळी फिटिंगला खातं. आणि ॲसिडचं काहीही टाकीत असताना ब्लीचिंग पावडर तर मुळीच नको, क्लोरिन वायू सुटतो आणि मोटारहोमचं बाथरूम म्हणजे कपाटाएवढी जागा.

जाता जाता पाणीही मोजा. फ्लॅपखालून मोजायच्या भानगडीत पडू नका, सरळ पाण्याच्या पंपाची ओढायची नळी मापाच्या खुणा असलेल्या कॅनमध्ये घालून एका फ्लशला कॅनमधलं किती कमी झालं ते बघा. या भांड्यांना सुमारे दोन लिटर पुरतात. लिटरभरच येत असेल तर पाण्याच्या व्हॉल्व्हच्या तोंडाची जाळी काढून धुवा. कमी पाण्यात मैला घट्ट राहतो आणि पाइपाच्या वळणावर थांबतो.

पाथर्डीफाटा

सगळ्या परीक्षा केल्या. निकाल एकत्र लिहितो.

उघडायच्या बाजूची नळी काढली: सिलिंडरच्या तोंडातून हवा येते, नळी गप्प. म्हणजे पिस्टन सील.

फ्लश चालू असताना काटा ६० वरून ५० पर्यंत पडतो, लगेच परत येतो. नळी ८ मिमीची आहे.

नळ्या काढून फ्लॅप हाताने हलवला: मिटण्याच्या अगदी शेवटी अडतो. बैठकीवर पिवळा थर आहे. लिंबूफुलाचे दोन हात दिले, आता मोकळा फिरतो, पण सिलिंडर जोडल्यावर शेवटचा जोर कमी वाटतो.

पिशवी हललीच नाही. व्हेंटमध्ये वीतभर आत मातीचं घरटं होतं. काढल्यावर पिशवी फुगते, वास जवळजवळ गेला.

टी: मागच्या ब्रेकच्या टाकीच्या तळाला, ड्रेनच्या तोंडावरच. कॉक काढून तिथे टी आणि त्यावरून संडास. @ट्रकटर्मिनल, तुम्ही लिहिलंत तसंच.

पाणी एका फ्लशला १.८ लिटर.

सिलिंडर गोल, बारीक, दोन्ही टोकं दाबून बसवलेली, सर्क्लिप दिसत नाही. रॉड १० मिमी, आटे एम १० × १.२५. याचं सील किट मिळेल का? आणि टायमिंगवाला व्हॉल्व्ह उघडावा का?

हवाबंद

टोकं दाबून बसवलेला गोल सिलिंडर उघडत नसतात, बदलतात. रॉड १० आणि आटे एम १० × १.२५ म्हणजे आयएसओ ६४३२ मापाचा २५ बोअर. आधी कुणीतरी तो बदललेला आहे आणि तुमचं काम त्यामुळे सोपं झालंय, कारण हे माप जॅनाटिक्स, एसएमसी, फेस्टो सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं. अंबड किंवा सातपूरच्या कुठल्याही न्यूमॅटिकच्या दुकानात मिळेल. तोंडाचे आटे ⅛ इंची. तुम्हाला फक्त स्ट्रोक मोजायचा आहे: रॉड पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर, यातला फरक. जुना सिलिंडर हातात घेऊनच दुकानात जा. डबल ॲक्टिंग मागा. सारखा दिसणारा स्प्रिंगवाला सिंगल ॲक्टिंग गळ्यात मारून घेऊ नका.

काढण्याचा क्रम: स्वच्छ पाण्याचे दोन फ्लश, पाण्याचा पंप बंद, मग हवेचा बॉल व्हॉल्व्ह बंद, मग बटण दाबून लाइनमधली उरलेली हवा घालवा. रेग्युलेटर शून्यावर आल्याशिवाय नळी काढायची नाही. रॉडच्या टोकाची चेकनट सैल करण्याआधी क्लेव्हिसपासून (रॉडला फ्लॅपच्या लिव्हरशी जोडणाऱ्या चिमट्यापासून) आट्यांचं अंतर मोजून लिहून ठेवा. नवा सिलिंडर त्याच अंतरावर बसवा आणि हवा न देता फ्लॅप हाताने मिटवून बघा: फ्लॅप बैठकीला टेकला तेव्हा रॉडचा दोन-तीन मिमी प्रवास शिल्लक हवा. सिलिंडर आधीच टोकाला पोचला तर फ्लॅप कधीच दाबून बसणार नाही, आणि तुम्ही परत क्षाराला दोष देत बसाल.

दोन्ही तोंडांना फ्लो कंट्रोल लावा, बाहेर जाणारी हवा आवळणारे. मिटतानाचा वेग इतका ठेवा की फ्लॅप थपकन आपटणार नाही. आपटला की रबराची कड कापते. पण फार हळूही नको, कारण झोत त्याची वाट बघत नाही.

टायमिंगचा व्हॉल्व्ह आत्ता उघडू नका. नवा सिलिंडर लावून, स्लो मोशनमध्ये फ्लॅप टेकल्यानंतरच बुडबुडा आला तर तो ठीक आहे. क्रम चुकत असेल तरच उघडा. त्यात टायमिंगचं भोक केसाएवढं असतं आणि तुमच्या त्या गाळाने ते अर्धं बुजलेलं असू शकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा आणि उलट्या बाजूने हवा मारा. सुई किंवा तार घालू नका, भोक मोठं झालं की वेळ कायमची बदलते.

ओ रिंगबद्दल (सीलच्या रबरी कड्या): हवेच्या बाजूला नायट्राइल रबर चालतं, पाण्याच्या बाजूला पुष्कळदा ईपीडीएम रबर असतं. ईपीडीएमला खनिज तेल, पेट्रोलियम जेली, डिझेल यातलं काहीही लागलं की ते फुगतं आणि व्हॉल्व्ह अडकतो. गॅरेजमध्ये सुटे भाग डिझेलच्या ट्रेमध्ये टाकायची सवय असते, तेवढं करू देऊ नका. सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला चमक येईल इतकंच.

ट्रकटर्मिनल

तो टी काढून ड्रेन कॉक परत बसवल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका. पार्किंगच्या स्प्रिंग ब्रेकला हवा कमी पडली तर तो आपोआप लागतो आणि गाडी आहे तिथे अडकते. सर्व्हिस ब्रेकला कमी पडली तर त्याहून वाईट. काम झाल्यावर गाडी ८ बारवर बंद करा, संडासाचा बॉल व्हॉल्व्ह मिटवून एक रात्र आणि उघडा ठेवून एक रात्र. दोन्ही सकाळी काटा बघा. मिटलेल्या रात्रीही ब्रेकचा काटा पडला तर संडासाचा संबंध नाही, आडगावला ट्रक टर्मिनलजवळ ब्रेकवाल्याला दाखवा.

जुनी नळी परत वापरू नका, तिच्यात तेलाचा थर आहे. प्रोटेक्शन व्हॉल्व्हपासून संडासापर्यंत नवीन टाका आणि भांड्याला जोडण्याआधी मोकळ्या तोंडाने पांढऱ्या फडक्यावर अर्धा मिनिट हवा सोडा. फडकं कोरडं आणि पांढरं राहिलं की जोडा.

रानवारा

बरं, ९० चं मागे घेतो. पण इतकी यंत्रणा सांभाळण्यापेक्षा कॅसेट संडास का नाही? ना हवा, ना दीड इंची पाइप.

गोदाकाठ

दोन माणसांची छोटी व्हॅन असेल तर कॅसेटच घ्यावी. पण कॅसेटची टाकी साधारण वीस लिटरच्या आसपास, सिंहस्थात गाडीत आठ-दहा माणसं आली की रोज रिकामी करावी लागेल, आणि गर्दीत ती हातात घेऊन जाणार कुठे? इथे १५० लिटरची टाकी मागे आहे आणि संडास पुढे, मध्ये उतार नाही. हवेच्या झोताचा फायदा हाच, की मैल्याला उताराची गरज नाही.

@पाथर्डीफाटा, टाकी पाऊण भरली की सेप्टिक उपसणारा टँकर बोलवा आणि तो कुठे रिकामा करणार ते आधी विचारा, महापालिकेच्या मलनिस्सारण केंद्रातच गेलं पाहिजे. पूर्ण भरू देऊ नका: टाकीत वर हवेला जागा उरली नाही की पुढचा झोत मैलाच व्हेंटमधून छतावर नेतो. गर्दीच्या दिवसांत टँकर आत यायला रस्ते बंद असतील, तेव्हा पर्वणीच्या दोन दिवस आधी टाकी रिकामी करून ठेवा.

पाथर्डीफाटा

सिलिंडर बसवला, ५० मिमी स्ट्रोक. स्लो मोशनमध्ये फ्लॅप आधी टेकतो, मग झोत. टायमिंगचा व्हॉल्व्ह उघडला नाही. सूं बंद. टी काढून कॉक बसवला, लाइन २४ नंबरवर घेतली, चेसिसच्या आकृतीत तेच ॲक्सेसरीचं दाखवलंय. बॉल व्हॉल्व्ह उघडा ठेवून रात्रीत ब्रेकचा काटा ८ वरून ७.८. ड्रायरचं कार्ट्रिज आणि वेगळा कॉम्प्रेसर पुढच्या आठवड्यात.

ट्रकटर्मिनल

कार्ट्रिज आधी, कॉम्प्रेसर नंतर.